डोंगरातलं पर्यटनगाव वाढवताना: दरड, ओढा आणि बर्फाचा धोका कसा सांभाळायचा

प्लॉट पाडण्याआधी धोक्याचा नकाशा करा. आधी प्लॉट विकले आणि मग नकाशा केला, तर त्यावरच्या रेघा विकलेल्या जमिनीला वळसा घालून जातात.

सुरुवात पायी फिरण्यापासून करा, शक्यतो मोठा पाऊस ओसरल्यावर लगेच. बुंध्याशी वाकून मग सरळ वाढलेली झाडं, उतारावरचे अर्धगोल तडे आणि नव्याने फुटलेले झरे नकाशावर टिपा. ओढा दरीत उतरतो तिथला पंख्यासारखा पसरलेला भाग नीट पाहा. उतार सौम्य, पाणी जवळ आणि रस्ता काढायला सोपं, म्हणून हॉटेलासाठी नेमकी हीच जागा पसंत पडते. पण ती ओढ्यानेच आणून टाकलेल्या दगडमातीची असते. तिथे चर खणून बघा. धोंडे आणि चिखल एकमेकांत कालवल्यासारखे दिसले, तर पूर्वी दगडमातीचा लोंढा आलेला आहे. वाळू-गोट्यांचे वेगवेगळे थर लागले, तर बहुधा साधे पूर आले असावेत. लोंढ्याच्या वाटेवर नळ्यांची मोरी टाकू नका. एक ओंडका आडवा अडकला की ती तुंबते आणि लोंढा थेट वस्तीत वळतो. तिथे उंच, मोकळ्या गाळ्याचा पूलच हवा.

बर्फ पडत असेल तर वरचे उतार क्लिनोमीटरने (उताराचा कोन मोजणाऱ्या उपकरणाने) मोजा. बहुतेक हिमस्खलनं 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात, पण थांबतात पार खाली सपाटीवर. स्वित्झर्लंडची पद्धत घेण्याजोगी आहे. 30 वर्षांत एकदा किंवा त्याहून वारंवार हिमस्खलन पोचतं, किंवा 300 वर्षांतून एकदा येणाऱ्याचा दाब 30 किलोपास्कलच्या वर, म्हणजे चौरस मीटरला सुमारे 3 टन जातो, तो पट्टा लाल. तिथे नवं घर नाही. दाब त्याहून कमी आणि वारंवारता 30 ते 300 वर्षं असेल तर निळा. तिथे मजबुतीच्या अटींवर परवानगी. ‘300 वर्षांतून एकदा’ ऐकून निर्धास्त होऊ नका. इमारत 50 वर्षं टिकणार असेल, तर त्या काळात असा प्रसंग येण्याची शक्यता सुमारे 15 टक्के असते. ऑस्ट्रियातल्या गाल्टूरमध्ये 23 फेब्रुवारी 1999 ला हिमस्खलनात 31 जण दगावले आणि पडलेल्या घरांपैकी काही सुरक्षित ठरवलेल्या पट्ट्यात होती. म्हणून शाळा, दवाखाना आणि कामगारांची निवासस्थानं निळ्या पट्ट्यातही नकोत.

आता पाणी. गाव वाढतं तसा नवा धोका आपण स्वतःच तयार करतो आणि तो बहुतेक वेळा पाण्यातून येतो. ऑस्ट्रेलियातल्या थ्रेडबो या स्कीइंगच्या गावात 30 जुलै 1997 च्या रात्री रस्त्याचा भराव दोन लॉजवर कोसळला आणि 18 माणसं दगावली. गळक्या जलवाहिनीने भराव भिजवला होता, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला.

त्यामुळे भराव टाकताना आधी झाडोरा, बुंधे आणि वरची सुपीक माती काढा. मूळ उताराला पायऱ्या कापा, 20 ते 30 सेंटिमीटरचे थर देत प्रत्येक थर दाबून घ्या. संरक्षक भिंतीमागे निदान 30 सेंटिमीटर खडीचा थर, त्याला मातीकडून जिओटेक्सटाईल (पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड), आणि भिंतीत 75 मिलिमीटरची भोकं ठेवा. भोकं बुजली की भिंतीमागे पाणी साठतं आणि न पेलणारा दाब तिला बाहेर ढकलतो. शोषखड्डे उताराच्या माथ्यावर नकोत. छपरांचं पाणी बंद पाइपातून थेट नैसर्गिक ओढ्यापर्यंत न्या.

गळती शोधायला रात्री 2 ते 4 या वेळेत मुख्य मीटरची नोंद घ्या. पाहुण्यांची संख्या साधारण सारखी असलेल्या रात्रींचीच तुलना करा, नाहीतर गर्दीच्या हंगामात गळती लपते. आकडा चढत चालला, तर एकेका विभागाचा व्हॉल्व्ह बंद करून कुठे फरक पडतो ते पाहा.

तड्यांच्या दोन्ही बाजूंना लोखंडी खुंट्या ठोका आणि त्यांतलं अंतर आठवड्यातून एकदा, पावसात रोज मोजा. अंतर वाढण्याचा वेग वाढत असेल तर खालची घरं रिकामी करा, वेग का वाढला हे शोधत बसू नका. भर पावसात ओढ्याचं पाणी अचानक कमी झालं, तर वर कुठेतरी दरडीने ते अडलं आहे असं समजा आणि काठ लगेच सोडायला लावा.

गाव रिकामं करण्याचा निर्णय रस्ता उघडा असतानाच घ्यावा लागतो. गाल्टूरचा रस्ता दुर्घटनेच्या आधीच बर्फामुळे बंद झाला होता आणि पाहुणे आत अडकले होते. म्हणून निकष हंगामापूर्वी लेखी ठरवा: किती तासांत किती पाऊस किंवा बर्फ झाला की नवी बुकिंग थांबवायची, आणि किती झाला की लोकांना हलवायचं. हा अधिकार एकाच व्यक्तीकडे द्या. तिची कमाई पाहुण्यांवर अवलंबून नसावी. हंगामी कामगार दरवर्षी बदलतात, त्यामुळे सराव दर हंगामाच्या पहिल्या आठवड्यात घ्या, त्यांना समजेल त्या भाषेत. दगडमातीचा लोंढा आला तर ओढ्याच्या कडेने खाली धावायचं नाही, बाजूच्या चढावर जायचं, हे प्रत्येक खोलीत चित्रासह लावा.