टोकियोत उंचावरून शहर पाहत जपानी भोजन : तयारी कशी करावी

टोकियोमध्ये उंच इमारतींच्या वरच्या मजल्यांवर जपानी पद्धतीची उपाहारगृहे पुष्कळ आहेत. त्यांतून निवड करताना प्रथम दिशा ठरवावी. फुजी पर्वत शहराच्या नैर्ऋत्येकडे सुमारे १०० किलोमीटरवर आहे, त्यामुळे तो पाहण्याची इच्छा असल्यास त्या बाजूच्या खिडक्या असलेली जागाच शोधावी लागते. शिंजुकु पार्क टॉवरमधील पार्क हयात हॉटेलच्या ४०व्या मजल्यावरील ‘कोझुए’ त्यासाठी प्रसिद्ध आहे. मारुनोउची बिल्डिंगचे ३५वा आणि ३६वा हे मजले उपाहारगृहांचेच असून तेथून सम्राटांच्या राजवाड्याचा हिरवा परिसर दिसतो. खर्च आवरायचा असेल, तर शिंजुकु एनएस बिल्डिंगच्या २९व्या आणि ३०व्या मजल्यांवर साध्या दरांची ठिकाणेही सापडतात.

त्यानंतर वेळ. टोकियोत जूनअखेरीस सूर्य सातच्या सुमारास मावळतो, तर डिसेंबरच्या आरंभी साडेचारलाच. बहुतेक ठिकाणी रात्रीचे जेवण पाच-साडेपाचला सुरू होत असल्याने हिवाळ्यात सूर्यास्त हुकतो. उन्हाळ्यात मात्र उजेड, संधिप्रकाश आणि दिव्यांचे शहर असे तिन्ही एकाच बैठकीत पाहता येते. फुजीसाठी हिवाळ्यातील कोरडी, स्वच्छ हवा उत्तम. अशा दिवशी दुपारचे जेवण घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण त्याच स्वयंपाकघरातील दुपारची थाळी रात्रीच्या जेवणापेक्षा बरीच स्वस्त असते.

आरक्षण करताना खिडकीलगतची जागा स्पष्ट शब्दांत मागावी. ‘मादोगिवा नो सेकी’ एवढे म्हटले तरी पुरते. काही ठिकाणी अशी जागा ठरावीक महागड्या जेवणासोबतच मिळते, तर स्वतंत्र खोली घेतल्यास देखावा मिळेलच असे नाही, म्हणून दोन्ही गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. लहान मुले बरोबर असल्यास वयाची अट आहे का, हेही विचारावे.

शाकाहारी मंडळींनी सर्वाधिक काळजी याच टप्प्यावर घ्यावी. जपानी स्वयंपाकाचा पाया असलेला ‘दाशी’ हा अर्क बहुधा समुद्री शेवाळ आणि सुकवलेल्या बोनितो माशाच्या पापुद्र्यांपासून काढतात, आणि तो सारात, उकडलेल्या भाज्यांत, अंड्याच्या पदार्थांत, इतकेच नव्हे तर साध्या दिसणाऱ्या चटणी-सॉसमध्येही असतो. केवळ ‘मांस नको, मासे नकोत’ असे सांगितल्याने तो टळत नाही. दाशी फक्त कोंबू शेवाळाची किंवा शिताके अळंबीची चालेल, कांदा-लसूण वर्ज्य आहे का, हे सारे आरक्षणाच्या वेळीच लिहून कळवावे. ‘काइसेकी’ या क्रमवार भोजनाची तयारी आधीपासून होत असल्याने आयत्या वेळी टेबलावर केलेली विनंती स्वयंपाक्यास बहुधा मान्य करता येत नाही. बौद्ध मठांतील ‘शोजिन र्‍योरी’ ही शाकाहारी परंपरा असली, तरी ती प्रत्येक ठिकाणी मिळत नाही.

ठरलेल्या वेळेच्या पाच-दहा मिनिटे आधी पोहोचून छायाचित्रे तेव्हाच काढून घ्यावीत. अंधार पडल्यावर काचेत आतल्या दिव्यांचे प्रतिबिंब येते. फ्लॅश बंद ठेवून फोन काचेला टेकवल्यास ते पुष्कळ कमी होते. जेवण सुरू झाल्यावर मात्र पानाकडे लक्ष असावे. काइसेकी दोन तासांहून अधिक चालू शकते आणि प्रत्येक पदार्थ योग्य तापमानाला वाढला जातो, त्यामुळे गरम साराची झाकलेली वाटी समोर ठेवून खिडकीशी उभे राहणे हे त्या साराचे नुकसानच होय. वाफेमुळे झाकण घट्ट बसले असेल, तर वाटीच्या कडा हलकेच दाबाव्यात, म्हणजे ते सुटते. वाटी हातात उचलून ओठांशी नेण्यात काहीच गैर नाही. चॉपस्टिक भातात उभ्या खोचू नयेत आणि एकमेकांच्या चॉपस्टिकमधून घास देऊ-घेऊ नये, कारण या दोन्ही कृती अंत्यविधींशी निगडित आहेत. आरंभी दिलेला ओला रुमाल हात पुसण्यासाठी असतो. उग्र अत्तर लावून जाणे टाळावे. सुगंधावर उभ्या असलेल्या या जेवणात ते शेजाऱ्यांनाही बाधते.

बिलात उपभोग कराशिवाय बहुधा १० ते १५ टक्के सेवाशुल्क धरलेले असते. वेगळी बक्षिसी देण्याची रीत नाही. बेत रद्द करायचा झाल्यास शक्य तितक्या लवकर कळवावे, कारण त्या दिवशी न गेल्यास अनेक ठिकाणी जेवणाची पूर्ण रक्कम कार्डावरून वळती होते.