दाणापात्रावर अनोळखी पक्षी उतरला तर
हिवाळ्यात परभणी-लातूरकडे गच्चीवर ठेवलेल्या ज्वारीवर एखादा अनोळखी पक्षी उतरला, तर पुस्तक शोधायला धावण्यापूर्वी मोबाईलने का होईना, चोच, पंख आणि शेपटी स्पष्ट दिसतील असे फोटो घ्यावेत, कारण तो पुन्हा येईलच असे नाही. मग नेहमीच्या शक्यता तपासाव्यात: पांढरे ठिपके असलेला पक्षी बहुधा रंगद्रव्य कमी असलेली घरचिमणीच निघते, तर मळकट तपकिरी, पिवळसर चोचीची मैना ही कोवळी भोरडी (गुलाबी मैना) असू शकते. माणसाला अजिबात न बुजणारा, झिजलेल्या शेपटीचा पक्षी पिंजऱ्यातून सुटलेला असण्याचीच शक्यता अधिक. बजरीगर (पिंजऱ्यात पाळले जाणारे छोटे पोपट) असेच येतात. तरीही ओळख पटली नाही, तर तारीख, वेळ व ठिकाणासह ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर फोटो जोडून नोंद करावी. तेथे दुर्मीळ नोंदींची जाणकारांकडून तपासणी होते.