उत्तर हाती आहे, प्रश्न शोधा: अठराव्या शतकातल्या ब्रिटनमधल्या सरकारविरोधकांच्या पुस्तिका वाचताना

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी प्रबंधिकेसाठी पहिली पुस्तिका स्क्रीनवर उघडली आणि मुखपृष्ठावरच अडखळले. नावच चार-पाच ओळींचं. मराठीत आणायचं तर साधारण असं: ‘एका ताज्या बदनामीखोर लिखाणाच्या एका भागाला उत्तर, ते लिखाण म्हणजे क्राफ्ट्समनने आपल्या दोन सन्माननीय आश्रयदात्यांची जी कैफियत मांडली तिच्यावरचे शेरे.’ साल १७३१. लेखकाचं नाव नाही. मी कपाळाला हात लावला आणि पुढचं पान उलटलं. आत काय आहे ते वाचू, नावात काय ठेवलंय, असं वाटलं.

सगळं नावातच ठेवलेलं होतं, हे कळायला तीन महिने गेले. या विषयाकडे नव्याने वळणाऱ्यांचे हे तीन महिने वाचावेत म्हणून लिहिते आहे.

ते नाव उलट्या क्रमाने वाचा. आधी ‘क्राफ्ट्समन’ या विरोधी साप्ताहिकाने आपल्या दोन आश्रयदात्यांची, म्हणजे बोलिंगब्रोक आणि विल्यम पल्टनी या विरोधी नेत्यांची, बाजू मांडली. त्यावर सरकारपक्षाने ‘शेरे’ छापले. त्या शेऱ्यांतल्या फक्त एका भागाला हे उत्तर. म्हणजे हातात येते ती भांडणातली तिसरी फेरी. पहिल्या दोन न वाचता मी तिसरी वाचत होते आणि वहीत ‘युक्तिवाद विस्कळीत’ असा शेरा मारत होते! युक्तिवाद विस्कळीत नव्हता. समोरच्याने ज्या क्रमाने आरोप केले त्या क्रमाने तो चालला होता.

एक शब्दाचा घोळ आधी मिटवते. ‘पॅम्फ्लेट’ला आपण सर्रास ‘पत्रक’ म्हणतो. पण पत्रक म्हटलं की डोळ्यांपुढे निवडणुकीत वाटतात तो एक कागद येतो. इथे बोलतोय ती वस्तू तीस-चाळीस पानांची, कधी शंभराच्या पुढची. बांधणी नाही, नुसती दोऱ्याने टाचलेली, मुखपृष्ठावर किंमत छापलेली. सहा पेन्स, एक शिलिंग, कधी जास्त. मजुराला ही चैन परवडणारी नव्हती, पण कॉफीहाउसात एक प्रत अनेकांच्या हातून फिरायची. मी ‘पुस्तिका’ म्हणते.

आता त्या १७३१ सालाकडे जरा जवळून पाहू, कारण सगळी विद्या या एका वर्षात शिकता येते. पंतप्रधानकीच्या खुर्चीत रॉबर्ट वॉलपोल. पल्टनी हा त्याचा एके काळचा सहकारी, आता कट्टर विरोधक. वर्षाच्या सुरुवातीला सरकारच्या बाजूने एक निनावी पुस्तिका आली. ती लॉर्ड हार्वीची, अशी पल्टनीची समजूत झाली आणि त्याने जे उत्तर छापलं त्यात हार्वीच्या नाजूकपणावरून इतकं बोचरं लिहिलं की २५ जानेवारीला दोघे तलवारी घेऊन समोरासमोर आले. दोघांनाही किरकोळ जखमा झाल्या, पण शाईची भांडणं कुठवर जात ते यावरून कळावं. पुढे त्याच वर्षी माझ्या स्क्रीनवरची ती ‘उत्तर’ पुस्तिका, नाव नसलं तरी पल्टनीचीच. तीत पल्टनीने भलतंच काही केलं. जॉर्ज दुसरा युवराज असताना वॉलपोल त्याच्याविषयी खासगीत काय तुच्छतेने बोलला होता, ते त्याने उघड छापलं. आता तोच युवराज राजा होता. वॉलपोल अडचणीत येईल, असा हिशेब असावा. झालं उलटं. राजाचा संताप पल्टनीवर निघाला आणि जुलैमध्ये त्याचं नाव प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे राजाच्या सल्लागार मंडळाच्या, यादीतून खोडलं गेलं.

इथेच माझी मोठी चूक झाली, तीही सांगते. एका समकालीन नोंदीत द्वंद्वाची तारीख ‘जानेवारी १७३०’ अशी होती. मी ती जशीच्या तशी उतरवली. परिणामी माझ्या कालक्रमात तलवारी निघाल्या १७३० च्या आरंभी आणि ज्या पुस्तिकेमुळे निघाल्या ती आली वर्षभरानंतर. मार्गदर्शकांनी मसुद्यावर फक्त एक मोठं प्रश्नचिन्ह काढून परत दिलं. दोन दिवस मी त्या प्रश्नचिन्हाकडे बघत बसले. कारण असं की १७५२ पर्यंत इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला बदलायचं. आपल्याकडे शालिवाहन शक चैत्रात बदलतो आणि इंग्रजी साल जानेवारीत, दोन्ही एकाच भिंतीवर लटकत असतात. त्यामुळे हे आपल्याला तरी चटकन उमगायला हवं होतं. तेव्हा १ जानेवारी ते २४ मार्च यांमधली कुठलीही तारीख दिसली की थांबा आणि ती कोणत्या पद्धतीने लिहिली आहे ते बघा. छापील साल कधी नव्या रीतीने, कधी ‘१७३०-३१’ असं जोडून येतं. सप्टेंबर १७५२ मध्ये तर ११ दिवस पंचांगातून गाळलेच आहेत.

विरोधकांनी पुस्तिकाच का निवडल्या, हा प्रश्न प्रत्येक तोंडी परीक्षेत येतो. छापण्याआधी परवाना घ्यायची सक्ती १६९५ मध्ये संपली होती. छापल्यानंतर राजद्रोही बदनामीचा खटला मात्र होऊ शकत होता, आणि तो बहुधा मुद्रकाच्या गळ्यात पडायचा. ‘क्राफ्ट्समन’चा मुद्रक रिचर्ड फ्रँकलिन असाच तुरुंगात गेला. सभागृहातली भाषणं छापणं हा संसदेचा विशेषाधिकारभंग, त्यामुळे आत कितीही चांगलं बोललात तरी बाहेर पोचण्याची खात्री नाही. १७१२ च्या मुद्रांक कायद्याने वर्तमानपत्राच्या प्रत्येक प्रतीवर कर बसवला, पुस्तिकेवर मात्र दर आवृत्तीमागे, तोही कागदाच्या तावांच्या हिशेबाने. खप वाढला की पुस्तिकेतला कर नगण्य व्हायचा. शिवाय माणसांच्या अडचणी. बोलिंगब्रोक १७१५ मध्ये फ्रान्सला पळालेला, १७२३ मध्ये माफी मिळाली, नंतर इस्टेटही परत मिळाली, पण लॉर्ड्समधली जागा कधीच नाही. ज्याचं बोलणं तोडलं त्याला लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हतं. डिसेंबर १७२६ मध्ये ‘क्राफ्ट्समन’ सुरू झालं ते निकोलस ॲमहर्स्टच्या संपादनाखाली, केलब डॅन्व्हर्स या काल्पनिक वकिलाच्या नावाने. त्यात बोलिंगब्रोक हप्त्याहप्त्याने लिही आणि मग तेच लेख एकत्र छापले जात. पक्षांविषयीचा त्याचा प्रबंध असाच १७३३-३४ मध्ये लेख म्हणून आणि १७३५ मध्ये पुस्तक म्हणून आला.

दुसऱ्या बाजूला पैसा होता. वॉलपोल पडल्यावर १७४२ मध्ये कॉमन्सच्या गुप्त समितीने हिशेब काढला, तेव्हा दहा वर्षांत ५०,००० पौंडांहून जास्त रक्कम सरकारधार्जिण्या लेखक-मुद्रकांवर गेल्याचं निघालं. म्हणून नवख्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: फक्त विरोधक वाचू नका. ते मोठे लेखक आहेत, त्यांचं गद्य मोहात पाडतं. सरकारी लेखक बहुतेक विसरले गेले. पण बोलिंगब्रोक ज्याला ठोसा मारतोय तो माणूस पाहिलाच नाही तर ठोसा हवेत मारल्यासारखा दिसतो.

प्रत्यक्ष वाचनाचं थोडं. जुन्या छपाईतला लांब ‘एस’ हा ‘एफ’सारखा दिसतो. डोळ्याला दोन दिवसांत सवय होते, संगणकाला होत नाही. शोधयंत्रात ‘हाउस’ शोधाल तर निम्म्या जागा सुटतील, कारण यंत्राने तिथे ‘हाउफ’ वाचलेलं असतं; दोन्ही रूपं टाकून शोधा. नावं गाळलेली असतात: पहिलं अक्षर, लांब रेघ, शेवटचं अक्षर. ‘थोर पुरुष’ म्हटलं की वॉलपोल. मुखपृष्ठाच्या तळाशी ‘ए. मूर’ असं प्रकाशकाचं नाव दिसलं की खरा प्रकाशक लपला आहे असं समजा. ‘तिसरी आवृत्ती’ छापलंय म्हणून तीनदा छापली असं धरू नका. खपतेय असं भासवण्यासाठी नुसतं मुखपृष्ठ बदललं जाई. अठराव्या शतकातल्या छापील साहित्याचे मोठे डिजिटल संग्रह बहुतेक वर्गणीवर चालतात, तुमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात आधी विचारा. पण प्रसिद्ध पुस्तिकांचे स्कॅन मोफत मिळतात. संपादित आवृत्ती सोयीची असली तरी एकदा तरी मूळ स्कॅन बघाच. किंमत, जाहिरातींची शेवटची पानं, घाईत राहिलेल्या चुकांची यादी, हे संपादित आवृत्तीत सापडत नाही.

एडमंड बर्कपाशी आलात की सावध व्हा. त्याची ‘सध्याच्या असंतोषाची कारणं’ ही एप्रिल १७७० मधली पुस्तिका राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात असते ती एका वाक्यासाठी: पक्ष म्हणजे एका विशिष्ट तत्त्वावर एकमत झालेल्या माणसांचा, एकत्र प्रयत्नांतून राष्ट्रहित साधणारा गट. वाक्य मोठंच आहे. पण ते पाठ करून घेतो तेव्हा बर्क कुणाशी भांडत होता हे राहून जातं. मिडलसेक्स मतदारसंघाने जॉन विल्क्स या सरकारच्या कडव्या टीकाकाराला पुन्हा पुन्हा निवडलं, कॉमन्सने त्याला पुन्हा पुन्हा बाहेर काढलं आणि अखेर १७६९ मध्ये ११४३ मतं मिळालेल्या विल्क्सऐवजी २९६ मतांच्या कर्नल लट्रेलला बसवलं. देशभरातून अर्ज गेले. या रागाला रॉकिंगहॅमच्या, म्हणजे बर्कच्या स्वतःच्या विरोधी गटाकडे वळवायचं, हे बर्कचं काम. मसुदा महिनोन्‌महिने गटातल्या बड्यांच्या हातून फिरला. पुस्तिका बाहेर पडेपर्यंत पंतप्रधान बदलून लॉर्ड नॉर्थ आला होता. आणि वार फक्त सरकारवर नव्हता. विरोधकांतलाच चॅटम पक्षबाजीच्या वर असल्याचा आव आणी; त्यालाही ते वाक्य लागू होतं आणि त्याला ते झोंबलंही. कॅथरिन मॅकॉलीने त्याच वर्षी उत्तर छापलं: तुम्हाला सुधारणा नको, सत्ता हवी. तिच्या उत्तराशेजारी ठेवून वाचा, आणि तिसरी म्हणून सॅम्युअल जॉन्सनची विल्क्सविरोधी पुस्तिका घ्या, तीही १७७० चीच. तीन पुस्तिका, एक वर्ष, एक आठवडा लावून वाचा. मला वाटतं यापेक्षा चांगली सुरुवात नाही.

पस्तीस वर्षांपूर्वी बोलिंगब्रोक म्हणत होता की पक्ष हाच रोग आहे, देशाची म्हणून एकच बाजू असावी. बर्क म्हणतो पक्षाशिवाय इलाज नाही. दोघेही विरोधात, दोघेही दरबारी भ्रष्टाचारावर तुटून पडणारे. हा पालट कसा झाला, यावर माझी अर्धी प्रबंधिका गेली.

‘मराठी मुलीला याचं काय?’ असं नातेवाईक विचारत. मी पहिल्यांदा गोंधळायचे. नंतर सरळ मॅकिंटॉशचं नाव घेऊ लागले. बर्कच्या फ्रेंच राज्यक्रांतीवरच्या ग्रंथाला १७९१ मध्ये गाजलेलं उत्तर देणारा जेम्स मॅकिंटॉश पुढे मुंबईत रेकॉर्डर, म्हणजे न्यायाधीश, म्हणून आला आणि १८०४ मध्ये त्याने इथे जी साहित्यसभा काढली तीच आजच्या एशियाटिक सोसायटीचं मूळ. टाउन हॉलच्या पायऱ्या चढताना हे आठवतं.

पण खरा धक्का बसला तो बर्कच्या एका छापील भाषणात. मंत्री चार्ल्स फॉक्सच्या ईस्ट इंडिया कंपनीविषयीच्या बिलावर तो १ डिसेंबर १७८३ रोजी बोलला, तेव्हा तो सत्तेत होता. दोन-तीन आठवड्यांत बिल लॉर्ड्समध्ये पडलं, मंत्रिमंडळ गेलं आणि भाषण छापून आलं ते १७८४ मध्ये, विरोधकाची पुस्तिका म्हणून. बोललेली तारीख आणि छापलेली तारीख या दोन वेगळ्या घटना आहेत. तळटीपेत दोन्ही लिहा, कारण मधल्या काळात ऐकणारा बदललेला असतो आणि मजकुरावर हातही फिरलेला असू शकतो. त्या पुस्तिकेत कंपनीने कुणाकुणाला विकलं याची बर्क यादी देतो. वाचत वाचत खाली आले आणि थबकले. मराठ्यांचं राज्य राघोबाला विकलं. राघोबाला पेशव्याच्या हवाली केलं. मग त्या दोघांनाही नागपूरकर भोसल्यांपुढे विक्रीला काढलं. सुरतेचा तह, पुरंदरचा तह, सालबाई, शाळेत घोकलेलं सगळं दुकानदाराच्या भाषेत, चार ओळींत.

बर्कला ही माहिती नुसत्या कागदांतून नव्हती. १७८१ मध्ये राघोबादादांचे वकील लंडनला गेले होते, हणमंतराव नावाचा ब्राह्मण आणि त्याच्यासोबत पारशी. बर्कने त्यांना बीकन्सफील्डच्या आपल्या घरी नेलं आणि सोवळ्यातला स्वयंपाक, पूजा करता यावी म्हणून बागेतलं काचघर मोकळं करून दिलं.

त्या पानावर मी पेन्सिलीने दोन तारखा लिहून ठेवल्या आहेत. भाषण झालं तेव्हा राघोबादादा कोपरगावला होते. त्याच डिसेंबरात ते वारले. पुस्तिका नवीन वर्षात दुकानात आली तेव्हा लंडनमध्ये ही बातमी अजून पोचलेली नव्हती.