सोलरच्या पेटीत या चुका टाळा

सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळायला लागलं, तेव्हापासून आमच्या यवतमाळकडं गावोगाव स्लॅबवर प्लेटा दिसतात. प्लेटांसाठी लोक दहा दुकानं पालथी घालतात. प्लेटांच्या वायरी जिथं येतात ती खालची पेटी मात्र कुणी उघडूनही पाहत नाही.

तिथली सगळ्यात वाईट चूक म्हणजे डीसीच्या बाजूला (प्लेटांकडून इन्व्हर्टरकडं येणाऱ्या विजेला) घरातलीच साधी एमसीबी, म्हणजे वीज तोडायचा खटका. "एमसीबी तं एमसीबीच असते नं भाऊ!" ऐकून कान किटले. घरातला एसी प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, म्हणून एमसीबी पाडताना उठलेली ठिणगी विझते. डीसी शून्यावर येतच नाही. सहा प्लेटांच्या ओळीत तीनशेच्या आसपास व्होल्ट असतात, ठिणगी पेटतीच राहते.

दारव्ह्याकडच्या एका घरी भर उन्हात इन्व्हर्टर (डीसीची एसी करणारं यंत्र) चालू असताना पोरानं अशी एमसीबी खाली केली. आधी आतून सूंऽऽ आवाज, मग प्लास्टिकचा वास. वितळून प्लस-मायनस एक झाले. घरचा मेन पाडला तरी पेटी जळतच होती. जळणारच, ऊन आहे तोवर प्लेटा वीज देतातच. शेजारी पाण्याची बादली घेऊन धावला, त्याला कसंबसं धरलं. शेवटी बापानं सोयाबीन झाकायची ताडपत्री प्लेटांवर ओढली, तेव्हा थांबलं. हे सगळं कशापायी? डीसीसाठी बनवलेली एमसीबी न घेता काही शे रुपये वाचवले म्हणून.

बंद करताना मी आधी एसी पाडतो, इन्व्हर्टर थांबला की मगच डीसी. एमसीबीवर प्लस-मायनसच्या खुणा असतील तर तशीच जोडायची. उलटी जोडली तर डीसीचीही साधीसारखीच जळते.

दुसरं अर्थिंग. एसपीडी (आभाळातल्या विजेचा झटका जमिनीत उतरवणारी डबी) बसवली, पण तिची अर्थिंगची वायर वेटोळं करून पेटीत कोंबलेली. आभाळातल्या विजेचा दाब त्या वेटोळ्यातून नीट उतरत नाही, इन्व्हर्टरमध्ये शिरतो. वायर आखूड नि सरळ हवी. शिवाय आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते, अर्थिंगच्या रॉडला सोडते. मी पहिल्या कडकडाटाआधी खड्ड्यात पाणी सोडतो, अर्थिंगचं माप पाच ओहमच्या आत आहे का बघतो आणि एसपीडीची खिडकी हिरवी आहे ना तेही. लाल झाली तर कार्ट्रिज बदला, "चालू तं हाये" म्हणू नका.

दोन कंपन्यांचे एमसीफोर (प्लेटांच्या वायरी जोडायचे कनेक्टर) एकमेकांत घुसवू नका. उन्हात ते ओढून काढू तर नकाच. पेटीतले स्क्रू वर्षातून एकदा कसून घ्या, अर्थात सगळं बंद करून.

आणि "आजच चालू करून द्या" म्हणत बसवणाऱ्या माणसाच्या डोक्यावर उभे राहू नका. अर्थिंगचं माप डोळ्यांसमोर घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.