साठीनंतर पायऱ्या चढताना नवऱ्याचा वेग धरू नका

पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या १०३ पायऱ्या नवरा-बायकोने जोडीनेच चढल्या पाहिजेत, असा काही कायदा नाही. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवत असे. निवृत्तीनंतर सहकारनगरातल्या आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठांकडून सकाळी व्यायाम करून घेते. "हिला स्टॅमिनाच नाही हो" हे वाक्य काकामंडळींकडून इतक्यांदा ऐकलंय, की आता एकदाचं लिहूनच टाकते.

स्टॅमिन्याचं नंतर बघू, आधी रक्ताचं बघा. स्वस्थ बसलेलो असताना हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलतं. त्यातलं जेमतेम १ लिटर सगळ्या स्नायूंच्या वाट्याला येतं. चढायला लागलं की मांड्या-पोटऱ्यांना त्याच्या कितीतरी पट लागतं. मग तिथल्या बारीक धमन्या रुंदावतात. या कामात धमनीच्या आतल्या अस्तरातून सुटणाऱ्या नायट्रिक ऑक्साइड या वायूचाही हातभार असतो (१९९८ चं वैद्यकाचं नोबेल याच्याच शोधाला मिळालं). वय वाढलं की हे अस्तर आळसावतं, आणि धमन्या आवळणाऱ्या मज्जातंतूंचा जोर वाढतो. पुरुषांत ही घसरण चाळिशीच्या सुमारास सुरू होते. बायकांना पाळी असेपर्यंत इस्ट्रोजेन हे हार्मोन सांभाळून घेतं. पाळी गेली की मात्र उतार एकदम तीव्र होतो. साठी-सत्तरीच्या निरोगी लोकांना बेताचा व्यायाम देऊन मोजलं, तर पायातला रक्तप्रवाह तरुणांपेक्षा कमी वाढतो, आणि ही तूट बायकांत जास्त ठळक दिसते. शिवाय काका असोत की काकू, उतारवयात धमन्या उघडायलाच वेळ लागतो.

म्हणून गाडीतून उतरलं की थेट पायरीवर पाय ठेवायचा नाही. घरूनच तयारी करून निघा. ताठ पाठीची खुर्ची घ्या, मांडी पूर्ण टेकली पाहिजे. उजवा पाय गुडघ्यातून सरळ करा, वर न अडवता खाली आणा, पुन्हा वर. ताल महत्त्वाचा, जोर नाही. मिनिटभर उजवा, मग डावा, असं दोन-तीनदा. प्रयोगशाळेत मांडीच्या धमनीतला प्रवाह मोजताना माणसाला असंच बसवून एका पायाने लाथा मारायला लावतात. एकच छोटा स्नायुगट कामाला लागतो, त्यामुळे हृदयावर फारसा ताण न येता पायाच्या धमन्या उघडतात. नंतर दूध तापेपर्यंत ओट्याला धरून टाचा वर-खाली करा. पोटऱ्यांत ऊब जाणवली की निघा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास असतो, थंडीने कातडीखालच्या वाहिन्या आवळतात आणि बीपी चढतं. तेव्हा ही तयारी आणखी लांबवा, नाहीतर सरळ ऊन आल्यावर जा.

चढताना नाडी मोजत बसू नका. बीपीच्या काही गोळ्या नाडी वाढूच देत नाहीत. बोलून बघा. पुढे गेलेल्या नवऱ्याला एक अख्खं वाक्य न धापता ऐकवता आलं, तर वेग बरोबर आहे. तीन शब्दांत श्वास तुटला तर थांबा, पण मटकन खाली बसू नका. पोटऱ्या हलत्या ठेवा. वर पोचल्यावरही तेच: रुंदावलेल्या वाहिन्यांत रक्त पायाकडेच साचतं, एकदम थांबलात की भोवळ येते. देवळाच्या आवारात पाचेक मिनिटं रेंगाळा, मग कट्टा पकडा.

हाताचा मामला निराळा. मंडईतून बटाटे-कांद्याच्या दोन पिशव्या घेऊन निघालं की मूठ सतत आवळलेली राहते. आवळलेला स्नायू स्वतःच्याच वाहिन्या दाबून धरतो, तिथला कचरा वाहून जात नाही, आणि शरीर बीपी वाढवून रक्त रेटायला बघतं. पाळी गेलेल्या बायकांत ही उसळी बऱ्याचदा मोठी असते. तेव्हा पिशव्या हलक्या ठेवा, मधेमधे खाली टेकवून बोटं मोकळी करा, आणि वजन उचलताना श्वास रोखू नका. कुकरचं घट्ट झाकण उघडतानासुद्धा!

आता थोडं कडू. नियमित चालण्या-पळण्याने म्हाताऱ्या पुरुषांच्या धमन्यांचं अस्तर बऱ्यापैकी सुधारतं, हे वारंवार दिसलंय. पाळी गेलेल्या बायकांत याचे निकाल उलटसुलट आहेत. म्हणून काकूंनी घरी बसावं असं मुळीच नाही. बीपी, साखर, मांड्यांची ताकद यांचा फायदा दोघांनाही आहे. फक्त सहा महिन्यांत नवऱ्याइतकी प्रगती झाली नाही तर ती आळशी ठरत नाही, इतकं काकांनी डोक्यात ठेवावं. हार्मोनच्या गोळ्या मात्र व्यायामासाठी म्हणून मनाने सुरू करू नका, तो निर्णय स्त्रीरोगतज्ज्ञांचा.

चढताना छातीत दाब, जबड्यात किंवा दंडात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, यातलं काही झालं तर तिथेच थांबून मदत मागा. बायकांत छातीत न दुखता नुसती धाप किंवा मळमळही येऊ शकते, ॲसिडिटी म्हणून सोडा पिऊ नका. आणि दरवेळी साधारण तेवढ्याच अंतरावर पोटरी धरते, दोन-चार मिनिटं उभं राहिलं की सुटते, असं होत असेल तर बाम चोळत बसू नका. पायाच्या धमन्या अरुंद झाल्यात का हे कळायला डॉक्टरांना घोट्याजवळची पायाची नाडी बघायला सांगा.