वाद घालायचाय? मग आधी या चुका टाळा

आमच्या वाचनालयाच्या ओट्यावर दर शनिवारी संध्याकाळी साडेसहाला माणसं जमतात. यंत्रमागावरचे दोन जॉबर (माग बसवणारे, दुरुस्त करणारे कारागीर), तीन निवृत्त मास्तर, एक औषधदुकानदार, पॉलिटेक्निकची पोरं, कधी वाट चुकून आलेला एखादा वकील. विषय कुणी ठरवत नाही, पण फिरून फिरून तेच येतात: विज्ञान, यंत्रं आणि राजकारण. मराठीत सुरू झालेला वाद तापला की कन्नड आणि तेलुगूत शिरतो, हे सोलापुरात चालायचंच. चौदा वर्षं मी तिथे बसतोय. माणसं बदलली, चुका मात्र त्याच राहिल्या. नव्या आलेल्या प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाचं लिहून काढतोय.

टक्के कशाचे, हे न विचारणं

ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक.

उन्हाळ्यात सोलापूरकर पेपर उघडतो तो उजनी धरणात पाणी किती ते बघायला. आणि तिथे असतं, ‘उजनी उणे वीस टक्के’. यावर ओट्यावर जेवढी भांडणं झाली, तेवढी निवडणुकीवरही झाली नसतील. काही वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली गोष्ट. पॉलिटेक्निकचा एक पोरगा, पूर्व भागातला, तावातावाने म्हणाला, “उणे पाणी म्हणजे काय? धरणाला खड्डा पडलाय का? आकडे बनवायलेत सगळे.” पाटबंधाऱ्यात आयुष्य काढलेले एक अण्णा बसले होते. ते म्हणाले, “धरणात अजून ५३ टीएमसी पाणी आहे बाळा.” (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट.) पोरगा उसळला, “बघा, हे ५३ म्हणतेत, पेपर उणे म्हणतोय!”

मी खडू घेऊन फळ्याशी गेलो. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. त्यातला ६३.६६ टीएमसी मृतसाठा, म्हणजे तळाचं, नेहमीच्या हिशेबात न धरलेलं पाणी, आणि त्याच्यावरचा ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा. पेपरातले टक्के फक्त या उपयुक्त साठ्याचे असतात. पाणी मृतसाठ्याच्या रेषेवर आलं की शून्य टक्के आणि तिच्या खाली गेलं की उणे. उणे वीस म्हणजे ५३.५७ चे वीस टक्के, साधारण १०.७ टीएमसी, रेषेच्या खाली. ६३.६६ मधून ते वजा करा, जवळपास ५३ टीएमसी उरतं. अण्णाही बरोबर आणि पेपरही बरोबर.

इथपर्यंत ठीक होतं. पण मी खडू ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणालो, “आधी गणित शिक, मग पेपर वाच.” माणसं हसली. पोरगा लाल झाला. जरा थांबून हळू आवाजात म्हणाला, “काका, ५३ टीएमसी आहे ना, मग आमच्या नळाला पाचव्या दिवशी पाणी का?” मी म्हणालो, “तो वेगळा विषय आहे.” तो उठला, चप्पल घातली आणि गेला. पुढचे आठ महिने तो ओट्यावर दिसला नाही.

तो वेगळा विषय नव्हता, त्याचा तोच विषय होता. त्याला टक्क्यांचं गणित नको होतं. धरणात पाणी असून घरात का नाही, हे त्याला विचारायचं होतं, आणि त्याला खरं उत्तर आहे. मृतसाठा तळाशी असतो, तो नेहमीच्या वापरासाठी धरलेला नसतो. पातळी खाली गेली की शहराच्या योजनेला दुबार पंपिंग करावं लागतं, म्हणजे तेच पाणी दोनदा उपसावं लागतं, फारच खाली गेली तर तिबार. तिथून जलवाहिनी शंभर किलोमीटरच्या वर. शहराचं काही पाणी भीमा नदीत सोडून औज बंधाऱ्यात घेतलं जातं, ते वाटेत मुरतं, उन्हाने उडतं, उपसलंही जातं. आणि शहरात पोचल्यावर टाक्या आणि वितरणाच्या जुन्या नळ्या आहेतच. यातलं बरंचसं मला तेव्हाही माहीत होतं. मी ते सांगितलं नाही, कारण मला तो मुद्दा जिंकायचा होता.

तेव्हापासून दोन सवयी लावून घेतल्या. खिशातल्या डायरीत कुठलाही टक्का लिहिला की शेजारी ‘कशाचे?’ लिहितो आणि उत्तर मिळेपर्यंत तो आकडा तोंडातून काढत नाही. दुसरी सवय अशी, की समोरच्याचा प्रश्न माझ्या शब्दांत त्याला परत सांगतो आणि विचारतो, “हेच ना?” निम्म्या वेळा तो म्हणतो, “नाही, तसं नाही.” मग माझं तयार उत्तर मी गिळतो.

‘नंतर झालं’ म्हणजे ‘त्याच्यामुळे झालं’ असं धरणं

२०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूरच्या आभाळात विमानं फिरत होती, ती आठवत असतील. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचा कृत्रिम पावसाचा प्रयोग होता तो. आपण पर्जन्यछायेच्या पट्ट्यात, म्हणजे डोंगराआड पाऊस कमी पडतो तिथे, म्हणून इथे. ढगाच्या तळाशी कॅल्शियम क्लोराईडच्या नळकांड्या जाळायच्या, त्या कणांवर मोठे थेंब धरतात आणि पाऊस पडायला मदत होते.

ओट्यावर तेव्हा दोन तट पडले. एक म्हणे, “विमान गेलं आणि तासाभरात पाऊस आला, डोळ्यांनी बघितलं.” दुसरा म्हणे, “आमच्या गावावरून चार वेळा गेलं, थेंब नाही. पैसे खायचे धंदे.” दोघांनी एकच चूक केली. पाऊस आला तो विमान गेलं नसतं तरी आला असता का? नाही आला, तर विमान गेलं नसतं तर आणखी कमी आला असता का? एका ढगाकडे बघून हे कुणालाच सांगता येत नाही, शास्त्रज्ञालाही नाही. म्हणूनच त्यांनी दोन वर्षांत २७६ ढग निवडले आणि कुठल्यावर फवारायचं, कुठला तसाच सोडायचा हे चिठ्ठी टाकल्यासारखं नशिबावर सोपवलं. मग दोन्ही गटांच्या पावसाची तुलना केली. सोडून दिलेल्या ढगांशिवाय फवारलेल्या ढगांना काही अर्थ नाही, हे ज्याला समजलं त्याला प्रयोग समजला.

निष्कर्ष २०२३ मध्ये आले: फवारलेल्या जागेच्या वाऱ्याच्या दिशेला, १०० चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात, सरासरी १८ टक्के जास्त पाऊस. लगेच पहिला तट नाचायला लागला, दुष्काळ संपला म्हणून. इथे परत तेच विचारायचं, अठरा टक्के कशाचे? दोन वर्षांत मिळून जादा पाऊस ८.६७ मिलिमीटर, म्हणजे त्या पट्ट्यावर ८६.७ कोटी लिटर. एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. भागून बघा, ०.०३ टीएमसी येतं. उजनी भरायला तो प्रयोग नव्हताच. योग्य ढगातून जादा पाऊस मिळतो का, एवढंच तपासायचं होतं आणि तेवढं त्यांनी नेटाने तपासलं. आभाळात ढगच नसेल तर विमान काही करू शकत नाही, हे त्यांनीही पहिल्यापासून सांगितलेलं. मला हा प्रयोग मनापासून आवडतो. आपल्या डोक्यावर इतकं काटेकोर काम झालं आणि आपण ते ‘चालतंय’ आणि ‘फसवतेत’ या दोन शब्दांत संपवलं, याचं वाईट वाटतं.

मोजायची गोष्ट आणि ठरवायची गोष्ट एकात कालवणं

चिमणीचा वाद सोलापुरात कुणाच्या घरात झाला नाही? साखर कारखान्याची सहवीजनिर्मितीची उंच चिमणी आणि होटगी रस्त्याचं विमानतळ. १५ जून २०२३ ला चिमणी पाडली, आणि प्रवासी विमान उडालं ते ९ जून २०२५ ला, गोव्याला. मधल्या दोन वर्षांत ओट्यावर भावाभावांत अबोला धरलेला मी बघितलाय.

त्या वादात दोन प्रश्न होते. चिमणी विमानाच्या मार्गात अडथळा आहे का, हा मोजायचा प्रश्न. उंची, धावपट्टीपासूनचं अंतर आणि नियम बघून त्याचं उत्तर मिळतं, तिथे आरडाओरड करून उपयोग नाही. कारखान्यावर जगणारा ऊस उत्पादक आणि विमानाची वाट बघणारा शहरातला उद्योजक, यात कुणाचं नुकसान कुणी सोसायचं, हा ठरवायचा प्रश्न. तिथे कितीही मोजपट्ट्या आणल्या तरी उत्तर निघत नाही, कारण ते राजकारण आहे आणि ते राजकारणच असायला हवं. आमच्याकडे काय व्हायचं? एक जण उंची सांगायचा, दुसरा शेतकऱ्याचं पोट सांगायचा आणि दोघांना वाटायचं की आपण एकमेकांना उत्तर देतोय.

माझा इलाज साधा आहे. फळ्यावर मधोमध उभी रेघ मारतो. डावीकडे मोजायचं, उजवीकडे ठरवायचं. कुणीही मुद्दा मांडला की आधी त्यालाच विचारतो, कुठल्या बाजूला लिहू? विचारल्याबरोबर बोलणाऱ्याचा आवाज खाली येतो, हे मी शेकडो वेळा बघितलंय.

मतदान यंत्राचंही तसंच. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्याच माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने मतपत्रिकेवर पुन्हा मतदान घ्यायचं ठरवलं, प्रशासनाने ते होऊ दिलं नाही, आणि त्या शनिवारी ओट्यावर बसायला जागा नव्हती. “हॅक होतं” आणि “होऊच शकत नाही” यापलीकडे तासभर कुणी गेलं नाही. खरं तर चार प्रश्न आहेत. यंत्रात फेरफार तत्त्वतः शक्य आहे का? या निवडणुकीत झाल्याचा पुरावा आहे का? व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कुणाला गेलं ते छापणाऱ्या यंत्राची, चिठ्ठी मतदाराला सात सेकंद दिसते आणि प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून ताडल्या जातात, तेवढी तपासणी पुरेशी आहे का? सगळ्या चिठ्ठ्या जुळवण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये फेटाळली, ते पटतं का? पहिल्याचं उत्तर अभियंता देईल, दुसऱ्याला पुरावा लागेल, तिसऱ्याला संख्याशास्त्र, आणि चौथं प्रत्येकाने आपापलं ठरवायचं. पहिल्याचं ‘हो’ दुसऱ्याच्या खिशात घालू नका. दुसऱ्याचं ‘नाही’ तिसऱ्यावर चिकटवू नका.

आणखी काही, थोडक्यात

फोनला विचारून त्याचं उत्तर पुरावा म्हणून वाचून दाखवणं. नव्या पोरांची ही सवय मला अजिबात खपत नाही. यंत्र छान वाक्यं बनवतं, चुकीचीसुद्धा तितकीच छान बनवतं. विचारायला हरकत नाही, पण त्याने सांगितलेलं मूळ जागी जाऊन बघा आणि ती जागा इथे सांगा. ज्याला तेवढा धीर नाही त्याने चहा प्यावा आणि ऐकावं.

कारागिराला त्याचं काम शिकवणं. एका इंजिनिअर पोराने आमच्या जॉबरला रॅपिअर मागावर भाषण दिलं. जॉबरने शांतपणे विचारलं, “धोटा नाही, मग बाण्याचा धागा पलीकडे कोण नेतो?” पोराला सांगता आलं नाही. (रॅपिअर नेतो, नावातच आहे.) पदवी असो वा नसो, हातात तेल लागलेल्या माणसाला आधी विचारावं.

‘मग त्यांच्या काळात काय होतं?’ याने आजच्या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. थांबवा.

स्क्रीनशॉट म्हणजे पुरावा नव्हे.

खोट्या गोष्टीला सविस्तर तपासाआधीच एक साधा प्रश्न पुरतो, तो न विचारणं. नोटाबंदीनंतर दोन हजाराच्या नोटेत चिप आहे आणि उपग्रहाला ती जमिनीखालूनही दिसते, असं फिरत होतं. औषधदुकानदाराने फक्त विचारलं, “सेल कुठे घालायचा?” वाद तिथेच संपला.

चूक कबूल करताना ‘तरीपण’ जोडणं. ‘माझं चुकलं’ एवढंच म्हणा आणि गप्प बसा, पुढचं वाक्य दुसऱ्याला बोलू द्या.

आणि रात्री उशिरापर्यंत ताणणं. आठनंतर कुणाचंच डोकं चालत नाही, चालतो तो फक्त आवाज. म्हणून आठला वाद असेल तिथे थांबवतो आणि राहिलेला प्रश्न फळ्यावर तसाच ठेवतो, पुढच्या शनिवारसाठी. या आठवड्यात तिथे लिहिलंय, ‘दुबार पंपिंगला वीज किती लागते आणि ते बिल कुणाच्या पाणीपट्टीतून जातं?’ अक्षर त्या पूर्व भागातल्या पोराचं आहे. उत्तर मलाही शोधायचंय, बिलाचे कागद कुठे बघायला मिळतात ते अण्णा सोमवारी विचारून येणार आहेत.