नवी भाजी ताटात एकच चमचा

संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या भाजीवाल्याकडे मुलाला बरोबर न्या आणि विचारा, 'गाजर घेऊ की काकडी?' ('काय खाशील?' विचारलंत, तर उत्तर वेफर्सच!) नवी भाजी एक चमचाच वाढा, शेजारी नेहमीचा वरणभात. नाकारली तर गप्प बसा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा वाढा. चव अंगवळणी पडायला 8-10 वेळा, कधी 15 वेळाही लागतात. आपण मात्र तिसऱ्याच वेळी 'याला आवडतच नाही' म्हणून मोकळे होतो. 'भाजी संपव, मग चॉकलेट' हे तर नकोच, त्याने भाजी शिक्षा वाटते. जेवणाआधी दीड तास दूध-बिस्किटं बंद. द्राक्षाच्या उभ्या चार फोडी करा, गाजर किसून किंवा मऊ वाफवून द्या. अख्खं द्राक्ष किंवा कच्च्या गाजराचा तुकडा घशात अडकू शकतो.